नोकरी, पार्टटाइम कोर्स, घर आणि अँकी: वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

अँकी या पाठांतराच्या अ‍ॅपबद्दल ऑनलाइन जे वाचायला मिळतं ते बहुतेक मेडिकलच्या पोरापोरींनी नाहीतर नवीन भाषा शिकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, म्हणजे ज्यांचा अख्खा दिवस अभ्यासाभोवतीच फिरतो अशांनी, आणि ते सगळे एका सुरात सांगतात की रोज बसा, एकही दिवस चुकवू नका. फुलटाइम नोकरी, संध्याकाळचा कोर्स आणि घरात लहान मूल असताना हे अ‍ॅप कसं चालतं हे कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. मी स्टॅटिस्टिक्सचा पार्टटाइम कोर्स करतेय आणि अँकी आता रोजच्या वापरात इतकं मुरलंय की कौतुकही करता येतं आणि नावंही ठेवता येतात.

आधीच सांगते, अ‍ॅप भारी आहे, पण जसंच्या तसं, म्हणजे डिफॉल्ट सेटिंगवर वापरलं तर नोकरदार माणसाला महिनाभरात घाम फोडेल. त्यामुळे या रिव्ह्यूत अर्ध्याहून जास्त गप्पा सेटिंगच्याच आहेत, कंटाळा आला तर सरळ खाली जा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: अँकी म्हणजे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप. पुढे प्रश्न, मागे उत्तर, उत्तर बघितल्यावर अगेन, हार्ड, गुड, ईझी अशी चार बटणं. तुम्ही जे दाबाल त्यावरून ते कार्ड परत कधी दाखवायचं हे अ‍ॅप ठरवतं, आधी एक-दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी असं अंतर वाढत जातं. डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने २००६ मधे हे सुरू केलं. कॉम्प्युटरवरचं फुकट आणि ओपन सोर्स, अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड वेगळ्या स्वयंसेवकांनी बनवलेलं आणि तेही फुकट, आयफोनवालं मात्र विकत घ्यावं लागतं, पण एकदाच, दर महिन्याचं झेंगट नाही, आणि त्याच पैशातून बाकीच्या कामाचा खर्च निघतो. सगळीकडची कार्डं अँकीवेबवरून सिंक होतात. एक सावधगिरी बाळगा, अ‍ॅप स्टोअरमधे याच नावाशी मिळतीजुळती नावं लावून फिरणारी दुसरी अ‍ॅप्स आहेत, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही, तेव्हा शोधताना पहिलं जे दिसेल ते उचलू नका, अँकीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून लिंक घेऊन जा.

आता हे नोकरी करणाऱ्याच्या उपयोगाचं का? लोक म्हणतात लक्षात राहतं म्हणून. राहतं, ते खरंच आहे, पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. ऑफिसमधून आल्यावर डोकं जे बंद पडतं ते अभ्यासाला नाही पडत हो, ते 'आज काय करू' हे ठरवायला पडतं. पुस्तक उघडायचं, कुठपर्यंत आलोय ते बघायचं, मागचं विसरलंय का ते तपासायचं, तेवढ्यात वीस मिनिटं जातात आणि घरातून कोणीतरी हाक मारतंच. अँकी उघडलं की समोर एक आकडा असतो, आज एवढी कार्डं, बस. ठरवायचं काही नाही. आणि पाच मिनिटं मिळाली तर पाच मिनिटांचं काम होतं, मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना, रांगेत उभं असताना, लेकीचा क्लास सुटेपर्यंत. अशा कपच्या दिवसभरात बऱ्याच पडलेल्या असतात, त्यात पुस्तक मावत नाही, कार्ड मावतं. प्रेफरन्सेसमधे टाइमबॉक्स म्हणून एक सोय आहे, त्यात दहा मिनिटं टाकून ठेवली की तेवढ्या वेळाने ते सांगतं इतकी कार्डं झाली, पुढे जायचंय का थांबायचंय. मला ते आवडतं, कारण 'फक्त पाच मिनिटं' म्हणून बसून अर्धा तास जाण्याची सवय माझ्यासारख्या बऱ्याच जणांना असेल.

यामागचं शास्त्र जुनंच आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, आपण कसं आणि किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ मधे छापलं. मग १९८७ च्या सुमाराला पोलंडच्या वोझ्नियाक यांनी कॉम्प्युटरवर चालणारी, उजळणी कधी करायची हे ठरवणारी एसएम-२ नावाची पद्धत काढली, अँकी कित्येक वर्षं तीच थोडी बदलून वापरत होतं. पण मला सगळ्यात पटलेला प्रयोग म्हणजे रोडिगर आणि कार्पिकी यांचा, २००६ चा. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. आता पार्टटाइमवाल्यांनो हे बघा, आपलं कसं असतं, मंगळवारी लेक्चर होतं, त्याच रात्री नोट्स परत वाचल्या की वाटतं आलं सगळं, आणि वही परत उघडते ती थेट पुढच्या मंगळवारी लेक्चरच्या आधी दहा मिनिटं. म्हणजे आपली परीक्षा कायम आठवड्यानेच असते. फुलटाइम विद्यार्थ्याचं परत परत वाचून कदाचित निभावेलही, आपलं नाही निभावत.

बरं, आता सेटिंग. इथेच बहुतेक नोकरदार लोक अ‍ॅप सोडून देतात.

डिफॉल्टला रोजची नवीन कार्डं २० असतात. वीसच तर आहेत, असं वाटतं. पण नवीन कार्ड एकदा बघून संपत नाही ना, ते परत परत येतं. अँकीच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की रोज सातत्याने २० नवीन घेतली तर रिव्ह्यू, म्हणजे आधीची कार्डं परत बघणं, रोजचे साधारण २०० होतील. म्हणजे दसपट. एका कार्डाला आठ सेकंद धरले तरी २७ मिनिटं झाली, आणि स्टॅटिस्टिक्सच्या कार्डाला आठ सेकंदात कुठलं उत्तर येतंय, पंधरा धरा, पन्नास मिनिटं. रोज. रविवारीसुद्धा. आणि हे पहिल्या आठवड्यात कळतच नाही, पहिल्या आठवड्यात सगळं मस्त चाललेलं असतं, उत्साहाच्या भरात माणूस २० चे ३० करतो, बिल तीन आठवड्यांनी येतं, नेमकं ऑफिसमधे क्लोजिंग नाहीतर रिलीज असतं तेव्हा.

म्हणून माझं स्पष्ट मत, नवीन कार्डांचा आकडा रविवारच्या मूडवर ठरवायचा नाही, महिन्यातल्या सगळ्यात घाणेरड्या आठवड्यावर ठरवायचा. त्या आठवड्यात, जेव्हा ऑफिसमधे उशीर होतो आणि घरी मूल तापाने फणफणलेलं असतं, तेव्हाही दिवसात किती मिनिटं काढू शकता? पंधरा? मग पंधरा मिनिटांत किती रिव्ह्यू होतात ते बघा आणि त्याला दहाने भागा. माझ्याकडे उत्तर ६ येतं. रोज सहा नवीन कार्डं ऐकायला फुसकं वाटतं, पण वर्षाची दोन हजारांच्या वर जातात, आणि एका सेमिस्टरच्या व्याख्या, सूत्रं, कुठली टेस्ट कधी वापरायची हे सगळं त्यात आरामात बसतं. कॉम्प्युटरवर डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, ऑप्शन्समधे एक सिम्युलेटर पण आहे, त्यात आकडे बदलून पुढच्या महिन्यांत रोजचा भार किती होईल याचा ग्राफ बघता येतो. नवीन सेमिस्टरच्या आधी तो एकदा बघाच, आणि घरात जो कोणी तुमच्या वाटणीची कामं उचलणार असेल त्यालाही दाखवा, मी दाखवला होता, नवरा म्हणाला "हे परवडेल."

दुसरं सेटिंग म्हणजे एफएसआरएस. २०२३ मधे २३.१० व्हर्जनमधे कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवायची ही नवीन पद्धत आत आली, ती चालू करावी लागते. तुमच्या आत्तापर्यंतच्या उत्तरांवरून ती तुमचा विसरण्याचा वेग ओळखते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात डिझायर्ड रिटेन्शन नावाचा एक आकडा असतो, कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता किती हवी. डिफॉल्ट ९० टक्के. हा वाढवायचा मोह होतो, ९७ करू, सगळंच लक्षात राहील, पण वरच्या टोकाला एकेका टक्क्यामागे काम भसाभस वाढतं. मी उलट केलं, खाली आणला, ८५ वर. म्हणजे सातातलं एखादं कार्ड विसरलेलं असणार हे कबूल करून टाकलं, बदल्यात संध्याकाळी मोकळी असते. फुलटाइम अभ्यास करणाऱ्याला हा सौदा कदाचित पटणार नाही, मला पटतो.

तिसरं, ईझी डेज. अलीकडच्या व्हर्जनमधे आलंय, यात आठवड्यातल्या ठराविक वारी कमी कार्डं यावीत असं सांगता येतं. माझा रविवार मिनिममवर आहे आणि लेक्चरचा वार कमीवर. वर्षानुवर्षं या अ‍ॅपला वार म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, सगळे दिवस सारखे, त्यामुळे हे फीचर बघून मला खरंच बरं वाटलं, कोणीतरी घरदार असलेल्या माणसाने मागितलं असणार.

आणि एक बारीकशी गोष्ट जी मला फार आवडते, अँकीचा दिवस रात्री बाराला संपत नाही, पहाटे चारला संपतो. बदलता येतं, पण डिफॉल्ट चार. बारा वाजून गेल्यावर मशीन लावून, डबे धुवून मग जे लोक कार्डं घेऊन बसतात त्यांना कळेल यात काय सुख आहे, आजचं आजच राहतं.

आता नावं ठेवायच्या गोष्टी. यात सुट्टीचं बटण नाही. तुम्ही आजारी पडा, प्रवासाला जा, घरात लग्न असो, कार्डं साठत राहतात, आणि परत आल्यावर दिसणारा तो तीन आकडी ढीग बघून हात गळतो. यावर उपाय आहेत पण ते तुम्हालाच करावे लागतात. सुट्टी आधीपासून माहीत असेल तर दहा-बारा दिवस आधी नवीन कार्डं शून्यावर आणायची, रिव्ह्यू आपोआप उतरत जातात. ढीग झालाच तर एका दिवसात उपसायला जायचं नाही, रोजच्या रिव्ह्यूला मर्यादा घालायची आणि ढीग संपेपर्यंत नवीन बंद. आणि हे फार जणांना माहीत नसतं, उशिरा केलेलं कार्ड तुम्हाला तरीही आठवलं तर अँकी तो उशीर जमेस धरतं, म्हणजे दहा दिवसांनी यायचं कार्ड तुम्ही वीस दिवसांनी बघितलं आणि आठवलं तर पुढचं अंतर ठरवताना तो जास्तीचा उशीरही धरला जातो. म्हणजे गॅप पडला की सगळं पाण्यात गेलं असं नसतं. याआधी मी एका प्लॅनर अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यात एक दिवस चुकला की स्ट्रीक शून्यावर आणि वर रडक्या चेहऱ्याचं नोटिफिकेशन. दिवसभर बॉसचं ऐकून घ्यायचं आणि रात्री अ‍ॅपचं पण? अँकीत ती भानगड नाही, नाणी नाहीत, हिरे नाहीत, रडणारं कार्टून नाही. दिसायला मात्र रूक्ष आहे, एकदम सरकारी फॉर्मसारखं, आणि ऑप्शन्सचं पान पहिल्यांदा उघडलं की बंद करून पळून जावंसं वाटतं.

बटणांबद्दल एक. उत्तर आठवलं नसेल तर अगेनच दाबायचं. रात्री दमलेलं असताना हात हार्डकडे जातो, थोडं थोडं आठवत होतं की, म्हणून. पण हार्ड म्हणजे अँकीच्या लेखी पास, ते समजतं तुम्हाला आठवलं पण कष्टाने, आणि एफएसआरएस असेल तर त्यावरून पुढचं सगळं वेळापत्रक चुकीचं बसत जातं.

मग लीच. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्याला लीच म्हणून खूण करतं आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला काढून ठेवतं. बहुतेक लीच ही स्मरणशक्तीची अडचण नसते, कार्ड वाईट बनवलेलं असतं. माझं उदाहरण देते, स्टॅटिस्टिक्समधल्या दोन प्रकारच्या चुकांचं. कार्ड होतं: 'टाइप वन आणि टाइप टू एररमधला फरक सांगा.' मागे दोन परिच्छेद, पुस्तकातून उतरवलेले. प्रत्येक वेळी दोन्ही उलटसुलट व्हायचं. अँकीने ते बाजूला काढल्यावर त्याचे तुकडे केले. 'आग नाही, तरी अलार्म वाजला, कुठला एरर?' टाइप वन. 'आग आहे, अलार्म गप्प, कुठला?' टाइप टू. 'अल्फा यातल्या कशाची शक्यता?' टाइप वन. 'सॅम्पल वाढवलं, अल्फा तोच ठेवला, तर टाइप टूचं काय होईल?' कमी होईल. चार कार्डं, प्रत्येकाला तीन-चार सेकंद, परत कधी गोंधळ नाही. एका कार्डावर एकच गोष्ट, हे तत्त्व वोझ्नियाक पण सांगतात, आणि नोकरी करणाऱ्याला ते दुप्पट लागू, कारण दोन परिच्छेदांचं कार्ड रांगेत उभं राहून होत नाही.

कार्डं बनवायला वेळ जातो, हे लोक रिव्ह्यूमधे लिहीत नाहीत. रेडीमेड डेक मिळतात, भाषेच्या शब्दांना ठीक आहेत, पण आपल्या कोर्सला, आपल्या शिक्षकांच्या पद्धतीला ते बसतीलच असं नाही, शिवाय बनवताना जो विचार होतो तोच अर्धा अभ्यास असतो. मी लेक्चर झाल्यावर परत येतानाच्या प्रवासात कच्ची वाक्यं फोनमधे टाकते आणि शनिवारी सकाळी त्यातली निम्मी उडवून उरलेली कार्डं करते. रंग, फॉन्ट, अ‍ॅड-ऑन यात शिरू नका, तो अभ्यास नाही, तो टाइमपास आहे, अगदी अभ्यासासारखा दिसणारा.

घरच्यांचं काय, तर हे अ‍ॅप मोबाइलवर असतं हीच त्याची सोय आणि हाच त्याचा त्रास. पुस्तक घेऊन बसलं की घरात सगळ्यांना दिसतं बाई अभ्यास करतेय. अँकी करताना तुम्ही आणि रील बघणारा माणूस सारखेच दिसता. "अगं, अभ्यास करतेयस की मोबाइल बघतेयस?" असं नवऱ्याने विचारलं तर त्याचं काही चुकत नाही, आणि चार वर्षांच्या मुलीला तर तुम्ही कसा खुलासा देणार, तिच्या दृष्टीने आई फोनमधे आहे एवढंच. आमच्याकडे नियम आहे, जेवताना नाही, झोपायच्या खोलीत नाही आणि लेक काही सांगत असेल तर कार्ड अर्धवट टाकून फोन उलटा. कार्ड कुठे पळून जात नाही. एकदा तिनेच येऊन ईझी दाबलं आणि सेंट्रल लिमिट थिअरमचं कार्ड चार महिन्यांसाठी गायब झालं, अनडूचं बटण आहे म्हणून परत आलं. ते बटण कुठे असतं ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा.

आणि हे अ‍ॅप म्हणजे अभ्यास नाही, हेही सांगायलाच हवं. गणितं सोडवणं, असाइनमेंट लिहिणं, डेटा घेऊन झगडणं याला सलग दोन-तीन तास आणि टेबलच लागतं, ते कार्डावर होत नाही. टी-टेस्टच्या अटी कार्डावर पाठ होतात, पण समोरच्या डेटाला टी-टेस्ट लावावी का हे गणितं केल्याशिवाय येत नाही. फक्त इतकंच झालंय की शनिवारचे जे तीन तास मला मिळतात ते आधी 'मागचं आठवण्यात' जायचे, आता थेट गणितांना मिळतात, आणि रविवार घरचा राहतो. तुमच्या कोर्समधे पाठांतराचा भाग कमी असेल, नुसते प्रोजेक्ट आणि निबंध असतील, तर अँकीच्या नादी लागू नका, त्यापेक्षा सलग वेळ कसा मिळेल ते बघा. कायदा, अकाउंट्स, नर्सिंग, भाषा, स्टॅटिस्टिक्स, असलं काही असेल तर डोळे झाकून घ्या.

पाचातले साडेचार. अर्धा सुट्टीच्या बटणासाठी कापला. आयफोनवाल्यांनी लगेच विकत घ्यायची गरज नाही, आधी कॉम्प्युटरवर फुकट टाका, फोनवर अँकीवेब ब्राउझरमधे उघडूनही कार्डं करता येतात, दोनेक महिने तसं चालवून बघा आणि तेवढ्यात ऑफिसचा एक वाईट आठवडा येऊन जाऊ दे, त्यातही कार्डं होत राहिली तर मग पैसे घाला.